ऑनलाइन फँटसी गेम्समधली चिलखतं: इतकी विविधता, तरी सगळी सारखीच का दिसतात?

लोहारकाम (धागाकर्ता)

कुठल्याही ऑनलाइन फँटसी गेममध्ये लिलावघरासमोर पाच मिनिटं उभं राहा. शेकडो खेळाडू ये-जा करत असतात आणि प्रत्येकाचं चिलखत वेगळं. एकाच्या खांद्यांवर कवट्या, दुसऱ्याच्या खांद्यांवर गरुडाचे पंख, तिसऱ्याच्या खांद्यांतून जांभळा धूर निघतोय. पण जरा निरखून पाहिलं की कळतं, हे सगळं एकाच सांगाड्यावर चढवलेलं आहे. तोच फुगवलेला छातीचा पत्रा, तोच रुंद पट्टा, तेच गुडघ्यापर्यंतचे बूट. बदलतात ते रंग, काटे आणि झगमगाट.

'वास्तववादी करायला गेलं की सगळं करडं आणि कंटाळवाणं होतं' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. मला ते साफ उलटं वाटतं. खरं चिलखत कसं बांधायचे, कुठे वाकायचं, कशावर कसायचे हे कुणी बघतच नाही, म्हणून सगळ्या गेम्सची चिलखतं एका माळेचे मणी होतात.

आधी गेम्स चिलखतांचे जे चार कप्पे पाडतात त्यांचं बघा. कापड जादूगाराला, चामडं चोराला, कड्यांचं चिलखत मधल्या लोकांना आणि पोलादी पत्रे टँकला, म्हणजे सगळ्यांत पुढे राहून घाव झेलणाऱ्याला. खऱ्या लढवय्याने यातलं एक निवडलं नाही, एकावर एक चढवलं. आत जाड भरणीचा अंगरखा, त्यावर कड्यांचं चिलखत, त्यावर पत्रे. कड्यांनी धार अडते पण दणका अडत नाही, तो आतल्या कापडाने झेलायचा. आणि कापड म्हणजे दुबळं हे कोणी ठरवलं? पंधराव्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या सैन्यासाठी जे कापडी जॅक (जाड अंगरखे) ठरवून दिले होते, त्यांना २५ ते ३० थर आणि वर हरणाचं कातडं होतं. गेममध्ये हाच जॅक घातलेला माणूस दोन फटक्यांत आडवा होतो.

दुसरं उदाहरण 'खिळे मारलेल्या चामड्याचं'. जवळजवळ प्रत्येक गेममध्ये हे असतंच. चामड्याचं जाकीट आणि त्यावर ओळीने पितळी टिकल्या. त्या टिकल्यांनी नेमकं काय अडणार? आता खरं ब्रिगँडीन घ्या. बाहेरून मखमल किंवा जाडंभरडं कापड आणि त्यावर रिव्हेटांच्या (ठोकून पक्क्या केलेल्या खिळ्यांच्या) डोक्यांच्या रांगा, कधी तीन-तीनच्या पुंजक्यात. हे रिव्हेट शोभेचे नाहीत. कापडाच्या आत बोटा-दोन बोटांच्या लोखंडी पट्ट्या माशाच्या खवल्यांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, गंज चढू नये म्हणून बऱ्याचदा कथिल दिलेल्या, आणि त्या पट्ट्यांना धरून ठेवतात ते हे रिव्हेट. म्हणजे बाहेरून रेशमी जाकीट आणि आतून पूर्ण पोलाद. चोराच्या पात्रासाठी यापेक्षा भारी वस्तू कुठली? पण गेममध्ये आल्या त्या नुसत्या टिकल्या, पट्ट्या वगळून.

तुम्ही काय खेळता आणि तिथे काय दिसतं ते लिहा. 'ग्राफिक्स कसलेले आहेत' एवढ्यावर थांबू नका.

हीलर_नंबर_एक

धागा छान आहे, पण मला मूळ मुद्दाच पटला नाही. डोक्यावरून ड्रॅगन उडतोय, मी मेलेल्या माणसाला काठी हलवून उठवते, आणि चर्चा काय तर रिव्हेट आत की बाहेर! रोज कामावरून आल्यावर दोन तास खेळायला मिळतात. त्यात मला चमकायचंय. धूर निघणारे खांदे मला आवडतात, सॉरी नॉट सॉरी.

लोहारकाम

@हीलर_नंबर_एक, चमका की! धुराला माझा विरोधच नाही. ड्रॅगनचा दाखला मात्र नेहमी येतो म्हणून लिहितो. ड्रॅगन उडतो तेव्हा त्याचे पंख खांद्यातूनच हलतात ना? मानेतून हलले तर तुम्हालाही खटकेल. तसंच खांद्यावरच्या पत्र्याचं. जादूने तो पिसासारखा हलका झाला असेल, मान्य. पण हात वर केल्यावर तो पत्रा कानात घुसणार असेल तर जादूगाराने तो घडवताना डोळे मिटले होते असं म्हणावं लागेल. आणि जादूच सगळं अडवणार असेल तर लोखंड कशाला? मग रेशमी झग्यातला टँक करा, ते तरी नवीन होईल.

त्रिमिती_कारागीर

मी गेम्ससाठी मॉडेलिंगच करतो, त्यामुळे भिंतीच्या या बाजूने थोडं सांगतो. प्रतिसाद लांबणार आहे.

खांदे मोठे का होतात याचं एक कारण अगदी रुक्ष आहे. २००४ च्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं उदाहरण घ्या. त्यात छाती, पाय, हातमोजे हे बहुतांशी वेगळे मॉडेल नव्हतेच. शरीराच्या मॉडेलवरच चिलखताचं चित्र रंगवलेलं असायचं, म्हणजे टेक्स्चर. खरोखरचे वेगळे त्रिमिती तुकडे दोनच ठळक: शिरस्त्राण आणि खांदे. आता एखादी वस्तू दुर्मीळ आहे हे लांबून दिसायला हवं आणि हाताशी तुकडे दोनच आहेत, तर कलाकार काय करणार? सगळा मसाला तिथेच ओतणार. पुढे यंत्रं सुधारली, छातीला आणि पट्ट्यालाही वेगळे तुकडे आले, पण तोवर लोकांच्या डोळ्यांना तेच वळण लागलं होतं. आज मोठे खांदे ठेवायची तांत्रिक सक्ती कुणावरच नाही. राहिली ती सवय.

दुसरं कारण कॅमेरा. तुम्ही तुमचं पात्र पाठीमागून आणि जरा वरून बघता. त्या कोनातून काय दिसतं? डोकं, खांदे, पाठ. छातीवरचं सुंदर नक्षीकाम दिसतं ते फक्त पात्र निवडायच्या पडद्यावर. धावपळीच्या लढाईत पन्नास पात्रं एकत्र असताना आकृतीच्या बाह्यरेषेवरून कोण कोणत्या वर्गाचा हे ओळखू यावं लागतं. लोहारकाम यांचं ब्रिगँडीन मला मनापासून आवडतं, पण वीस पावलांवरून ते निव्वळ लाल जाकीट दिसेल.

तिसरं, आणि आमचं खरं दुखणं: हाडं. पात्राच्या आत एक सांगाडा असतो आणि चिलखताचा प्रत्येक बिंदू त्यातल्या एका किंवा जास्त हाडांना बांधलेला असतो. कोपर वाकलं की आसपासचे बिंदू वाटणीप्रमाणे ओढले जातात. कापडाला हे चालतं. पोलादी पत्र्याला केलं तर पत्रा रबरासारखा वाकतो. तो ताठ ठेवायचा तर त्याला स्वतःचं वेगळं हाड द्यावं लागतं आणि मग तो शेजारच्या पत्र्यात घुसतो, ज्याला आपण क्लिपिंग म्हणतो. यात प्रत्येक वंशाचं शरीर वेगळं, स्त्री-पुरुष वेगळे. दहा वंश असतील तर एकच चिलखत वीस शरीरांवर बसवायचं. अशा वेळी 'आत भरणीचा अंगरखा, त्यावर कड्या, त्यावर पत्रे' असे तीन थर मागितलेत तर आमचा लीड (टीमचा प्रमुख) खुर्चीतून उठून जाईल. म्हणूनच बहुतेक गेम्स चिलखताखालचं शरीर चक्क लपवून टाकतात. छातीच्या पत्र्याखाली काहीच नसतं, पोकळ.

नुसता_वाचक

वरचा प्रतिसाद वाखुसा (वाचनखूण साठवली). पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

लोहारकाम

@त्रिमिती_कारागीर, फार सुंदर प्रतिसाद. पण मला यात माझ्याच बाजूचा एक मुद्दा दिसतोय. कोपरात पत्रा कसा वाकवायचा हा प्रश्न तुमच्या आधी इटलीतल्या मिलान आणि जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या कारागिरांना पडला होता आणि त्यांनी तो सोडवला होता. कोपराला एक वाटी, तिच्या वर-खाली अरुंद पट्ट्या, त्या एकमेकींवर सरकतात. काखेत पत्रा नाहीच, तिथे कड्यांची जाळी आणि समोर लोंबती गोल चकती. म्हणजे जिथे शरीर वाकतं तिथे पत्रा नाही आणि जिथे पत्रा आहे तिथे शरीर वाकत नाही. हीच विभागणी मॉडेलमध्ये घेतली तर कड्यांची जाळी खुशाल ताणली जाऊ दे, पत्र्याला हात लावायची गरजच पडत नाही.

त्रिमिती_कारागीर

हे अर्धं खरं आहे. सरकत्या पट्ट्यांना प्रत्येकी हाड लागतं आणि ऑनलाइन गेममध्ये पडद्यावर शंभर पात्रं असतात, तिथे हाडांचा हिशेब रेशनिंगसारखा चालतो. पण काखेचं तंतोतंत बरोबर. आमच्याकडे येणाऱ्या संकल्पना-चित्रांत सर्वांत जास्त त्रास काखेचाच. चित्रकार काखेत अखंड पोलाद रंगवतो, पात्र हात खाली सोडून उभं असतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तलवार उगारली की सगळं एकमेकांत. तिथे जाळी आणि चकती काढून पाठवली तर मी त्या चित्रकाराला मिठी मारेन.

शमा_रेंजर

सगळे खांदे आणि काखांबद्दल बोलताय, मूळ हत्ती खोलीत उभाच आहे. तेच चिलखत, तेच नाव, तोच आकडा. पुरुष पात्राने घातलं तर गळ्यापासून घोट्यापर्यंत पोलाद. माझ्या पात्राने घातलं की पोट उघडं, मांड्या उघड्या. संरक्षण मात्र दोघांना सारखंच! लिनिएज २ या जुन्या ऑनलाइन गेमच्या काळापासून हेच बघतेय.

आणि पूर्ण झाकलेलं असलं तरी छातीला दोन वेगळे उंचवटे काढायचा हट्ट. यातलं यंत्रशास्त्र फार साधं आहे. खऱ्या छातीच्या पत्र्याचा मध्य पुढे आलेला असतो, बऱ्याचदा मधोमध कणा असतो, म्हणजे टोक लागलं की ते डावीकडे किंवा उजवीकडे घसरून जातं. दोन उंचवटे काढले की मध्ये दरी तयार होते आणि घाव घसरत घसरत बरोबर तिथे, छातीच्या हाडावर येतो. शत्रूला वाट दाखवणारं चिलखत!

जुनाट_कवटी

शमा, उघड्या पोटाबद्दल शंभर टक्के. उंचवट्यांबद्दल मात्र थोडा खोडा घालतो. ग्रीक आणि रोमन सेनानींचे छातीचे पत्रे पुरुषी स्नायू कोरलेले असायचे, बेंबीसकट. सोळाव्या शतकातल्या पोलादी सुटांना मोठाले लिंगकोश असायचे, ते काय संरक्षणशास्त्राने ठरवले होते? चिलखत हा त्या काळचा सर्वांत महागडा पोशाखही होता आणि त्यात फॅशन होतीच. उदाहरणच द्यायचं तर आउग्सबुर्गच्या कोलमन हेल्मश्मिडने १५२३ च्या सुमारास विल्हेल्म फॉन रोगेनडॉर्फसाठी घडवलेलं चिलखत व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्याच्या बाह्या त्या वेळच्या सैनिकांच्या फुग्याच्या, चिरा दिलेल्या कापडी बाह्यांसारख्या आहेत, फक्त पोलादाच्या. हे कुणा गेमने आणलं असतं तर इथेच 'काहीही हं' म्हणून शंभर प्रतिसाद पडले असते.

शिंगांना नावं ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक. सम्राट पहिल्या मॅक्सिमिलियनने इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला दिलेल्या चिलखताचं शिरस्त्राण लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये ठेवलेलं आहे. मेंढ्याची वळलेली शिंगं, डोळ्यांवर चष्मा, गालावर कोरलेली दाढीची खुंटं आणि नाकाखाली वाहणारा शेंबूड! घडवणारा इन्सब्रुकचा कोनराड सॉइझेनहोफर. जपानात तर सामुराईंच्या शिरस्त्राणांवर सशाचे कान, शिंपले, उंचच उंच टोप्या. त्यातली युक्ती बघण्यासारखी आहे: आत साधी मजबूत लोखंडी टोपी, आणि वरचा तमाशा कागदाच्या लगद्याचा किंवा लाकडाचा, लाखेचा हात दिलेला. म्हणजे वजन नाही, आणि फटका बसला तर तमाशा तुटतो, मान मोडत नाही. काटेवाल्या खांद्यांनाही हेच लागू करता येईल की.

लोहारकाम

@जुनाट_कवटी, लगद्याच्या मुद्द्याबद्दल दंडवत. माझ्या धाग्यात जे नीट उतरलं नाही ते तुम्ही एका वाक्यात आणलंत. विचित्र दिसण्याला हरकत नाही. ते विचित्र कशाचं बनलंय आणि कशाला अडकवलंय एवढं कलाकाराला माहीत हवं.

शमा यांच्या मुद्द्यात तुम्ही जोडलेल्या फॅशनला एक पुरवणी: ग्रीक सेनानी स्वतः तो स्नायूंचा पत्रा घालून मिरवायचा. इथे मिरवणारा आणि बघणारा वेगळे आहेत, शमा यांची तक्रार तिथे आहे.

शमा_रेंजर

+१. मला झाकलेलं आणि उघडं दोन्ही निवडता यावं, दोघांच्याही पात्रांना. एवढंच.

टँकोबा

वजनाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी येतो. 'पोलादी सूट घातलेला माणूस पडला की उठू शकत नाही' हे डोक्यातून काढा. पंधराव्या शतकातला लढाईचा पूर्ण सूट साधारण २० ते २५ किलोचा, आणि ते वजन सगळ्या अंगावर वाटलेलं. फ्रेंच सेनानी बूसिको चिलखतासकट कोलांटी मारायचा आणि शिडीच्या खालच्या बाजूने नुसत्या हातांनी चढायचा असं त्याच्या चरित्रात आहे. भालाफेकीच्या... चुकलो, भाल्याच्या झुंजीच्या खेळाचे सूट मात्र वेगळे, बरेच जड. ते घालून कुणी युद्धावर जात नसे.

पण म्हणून 'काहीच फरक पडत नाही' असंही नाही. २०११ साली लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी चिलखत घातलेल्या लोकांना ट्रेडमिलवर चालवलं-पळवलं. चालताना लागणारी ऊर्जा दुपटीच्या वर गेली. सगळ्यात मोठं कारण पायांवरचं लोखंड, कारण पाय दर पावलाला उचलून झुलवावा लागतो, आणि त्यात छातीच्या पत्र्याने श्वासही नीट घेता येत नाही. म्हणजे गेमचं गणितच उलटं आहे बघा. गेममध्ये टँक हळू चालतो पण दमत कधीच नाही. खऱ्यात तो सुरुवातीला झकास पळेल आणि मग त्याची वाट लागेल. मॉर्डहाऊ या मध्ययुगीन लढाईच्या गेममध्ये डोकं, धड, पाय यांचं चिलखत वेगवेगळं निवडायचं आणि जड घेतलं की वेग कमी. खेळून बघा, पाय हलके ठेवू की जड यावर आमच्या ग्रुपमध्ये भांडणं होतात. पाय उघडे ठेवणाऱ्यांसाठी माहिती: स्वीडनमधल्या व्हिस्बीच्या १३६१ च्या लढाईतली सामूहिक दफनं उकरली तेव्हा सांगाड्यांच्या पायांच्या हाडांवर घावच घाव सापडले.

अर्धविराम

इतिहास ठीक आहे, पण पैशाचं बोला. चिलखत आता मुळात चिलखत राहिलेलंच नाही, तो दुकानातला माल आहे. पूर्वी अंगावरचं चिलखत बघून कळायचं की या माणसाने कोणता रेड (मोठ्या गटाने करायची अवघड मोहीम) पूर्ण केलाय. आकड्यांसाठी मिळेल ते घालायला लागायचं, त्यामुळे लोक विदूषकासारखे दिसायचे हेही खरं. वॉरक्राफ्टमध्ये २०११ च्या शेवटी ट्रान्समॉग आलं, म्हणजे आकडे एकाचे आणि रूप दुसऱ्याचं. विदूषक गेले. पण त्याचबरोबर रूपाचा आणि कामाचा संबंधही गेला. इतर गेम्समध्येही तेच झालं आणि मग ते रूप विकायला काढणं ही एक पायरीच उरली होती. विकायचं तर मागच्या महिन्यापेक्षा जास्त चमकायला पाहिजे. करडं, अंगाबरोबर बसणारं ब्रिगँडीन त्या दुकानात कोण घेणार?

हीलर_नंबर_एक

मी घेईन! आत्ता वरचं सगळं वाचून. लाल मखमल, सोनेरी रिव्हेट तीन-तीनच्या पुंजक्यात. झगा घालून घालून कंटाळा आलाय. पण आत पोलाद असेल तर माझ्या वर्गाला घालू देतील का, हा प्रश्न आहेच.

लोहारकाम

बघा, एक गिऱ्हाईक तयार झालं.

@अर्धविराम, पैशाचा मुद्दा खोडता येत नाही. पण दुकानदाराच्याच फायद्याचं बोलतो. गेल्या अनेक वर्षांत आपण युरोपातल्या शे-दोनशे वर्षांचीच चिलखतं उलटसुलट करून घालतोय. बाहेर केवढं पडलंय! तिबेटमधली चामड्याच्या वाद्यांनी ओवलेल्या पोलादी पट्ट्यांची चिलखतं, ज्यांना खाली आधाराचं कापडच नसतं, पट्टी पट्टीलाच बांधलेली. मुघल काळातलं कड्यांचं चिलखत, ज्यात पोटावर आणि पाठीवर कड्यांच्याच मध्ये पट्ट्या विणलेल्या असतात. त्याच्या जोडीला छाती, पाठ आणि दोन्ही कुशी झाकणारा चार तव्यांचा चार-आईना, मनगटापासून कोपरापर्यंतचे दस्ताने आणि शिरस्त्राणाला वर-खाली सरकणारी नाकपट्टी. यातल्या प्रत्येकाची बाह्यरेषा वेगळी आहे, म्हणजे कारागीर यांची वीस पावलांची अटही पुरी होते. आणि चार तवे हे चार ताठ तुकडे, मध्ये सगळी लवचीक जाळी. हाडांचं रेशनिंग सांभाळून!

असमान खांद्यांचंही तसंच. गेममध्ये एक खांदा मोठा, एक लहान ठेवतात, शैली म्हणून. मिलानच्या चिलखतांत हे खरोखर असायचं: डावा खांदा आणि डावं कोपर मोठं, कारण समोरच्या घोडेस्वाराचा भाला डावीकडून येतो, उजव्या काखेपाशी पत्रा कापलेला, कारण तिथे स्वतःचा भाला दाबून धरायचा. गेममध्ये बऱ्याचदा तलवारीच्या हाताचा खांदा अवजड करतात आणि ढालीच्या हाताला काहीच देत नाहीत. बदल फुकट आहे, बाजू फिरवायची.

ऑफलाइन गेम्सपैकी किंगडम कम: डिलिव्हरन्सने २०१८ मध्येच भरणीची टोपी, कड्यांची टोपी आणि शिरस्त्राण असे डोक्याचे थर करून दाखवले. एका पात्रासाठी जमतं ते शंभरांसाठी जड जाईल हे कळतं. निदान गळ्यापाशी अंगरख्याची कड बाहेर डोकावलेली दाखवा. तेवढ्या एका पट्टीने खालची पोकळी भरल्यासारखी वाटते.

त्रिमिती_कारागीर

गळ्याची कड देणं सोपं आहे, तो नुसता टेक्स्चरचा खेळ. चार-आईन्याची एखादी चांगली समोरची आणि बाजूची छायाचित्रं असतील तर टाका, रविवारी बसून एक ढोबळ मॉडेल करून बघतो. पट्टे कुठून कुठे जातात ते दिसायला हवं, तिथेच सगळे गोंधळतात.

टँकोबा

कारागीर, मॉडेल करणारच आहात तर एक शंका. गुडघ्याच्या वाटीला जो पंख्यासारखा पत्रा असतो, तो गेम्समध्ये कधी आत असतो, कधी बाहेर, कधी दोन्हीकडे. नेमका कुठे?

जुनाट_कवटी

बाहेरच्या बाजूला. गुडघ्यामागची खोबण उघडी असते, तिच्यावर बाजूने येणारा वार तो अडवतो. आतल्या बाजूला ठेवलात तर घोड्यावर मांड ठोकता येणार नाही आणि पायी चालताना दोन्ही पंखे एकमेकांवर खणखणतील.

टँकोबा

माझ्या टँकला दोन्हीकडे आहेत. आणि तो घोड्यावरही बसतो.